लाल माठातले हिरवे



आमच्या संध्याकाळच्या अभ्यासवर्गाला दहावीची एक मुलगी येते. तिची आई भाजीची पाटी लावते. मागच्या पंधरवड्यात वनस्पतींचा धडा चालू असताना तिने विचारले, "सर, झाड हिरव्या पानात अन्न तयार करते म्हणतात. मग लाल माठ जगतो कसा? आमच्या पाटीतला माठ तर देठापासून पानापर्यंत लाल." हाच प्रश्न तिने शाळेत विचारला होता. तेव्हा "पुस्तकात आहे तेवढे लिही, मार्क मिळतील" असे सांगून तिला खाली बसवले गेले. पोर इतकी खट्टू झाली, की पुढे सायन्स घ्यायचेच नाही असे घरी बोलून बसली. मी पडलो बी.कॉम. झालेला कारकून. आठवडाभराची मुदत मागून घेतली आणि पुस्तके घेऊन बसलो.

उत्तर तिच्या आईच्या चुलीवरच होते. लाल माठाची पाने भांडेभर पाण्यात उकळा. पाणी लालभडक होते आणि पाने हिरवट दिसू लागतात. म्हणजे हिरवा रंग आधीपासून होताच, फक्त लालाच्या आड होता. माठाचा लाल रंग बीटच्या रंगाचा भाऊबंद आहे. तो पाण्यात विरघळतो आणि पेशीतल्या पाण्याच्या पिशवीत, म्हणजे रिक्तिकेत, साठलेला असतो. उकळल्यावर पेशीचे पापुद्रे फाटतात आणि तो बाहेर येतो. हरितद्रव्य मात्र पाण्यात विरघळत नाही. ते हरितलवक नावाच्या बारीक कणांत पक्के बसलेले असते. हे कण इतके लहान, की एका मिलिमीटरच्या लांबीत सुमारे दोनशे मावतील. आंब्याची तांबूस पालवी पाहिली असेलच. तिथला लाल रंग वेगळ्या जातीचा, पण तोही पेशीतल्या पाण्यातच असतो.

पालकातही एकटा हिरवा रंग नसतो. पालक ठेचून त्यात थोडे स्पिरिट घाला (चुलीपासून लांब बरे का, भडकन पेटते) आणि त्यात पांढरा खडू उभा करून ठेवा. थोड्या वेळाने रंग खडूवर चढतो आणि हिरव्याच्या वर पिवळसर पट्टा दिसू लागतो. मिखाईल त्स्वेत या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काचेच्या नळीत खडूची भुकटी भरून पानातले रंग असेच वेगळे केले. गंमत म्हणजे रशियन भाषेत 'त्स्वेत' म्हणजे रंग! पाटीतली मेथी शिळी झाली की पिवळी पडते, त्याचे कारणही हेच आहे. हरितद्रव्य मोडून जाते आणि पिवळे उघडे पडते. या पिवळ्या रंगांतल्या कॅरोटीनपासून आपले शरीर 'अ' जीवनसत्त्व बनवते. रातांधळेपणा टाळायला पालेभाजी खा म्हणतात ते यासाठी.

आता हे रंग करतात काय? हरितद्रव्य सूर्यप्रकाशातला तांबडा आणि निळा भाग शोषून घेते. हिरवा त्यामानाने कमी घेते, म्हणून पान आपल्याला हिरवे दिसते. पिवळी द्रव्ये निळा प्रकाश पकडून त्याची शक्ती हरितद्रव्याच्या हवाली करतात. हरितलवकाच्या आत चकत्या असतात, भाकरीच्या चवडीसारख्या एकावर एक. त्या चकत्यांत ही रंगद्रव्ये बसलेली असतात. प्रकाशाच्या जोरावर तिथे पाणी फुटते, प्राणवायू बाहेर पडतो आणि शक्ती साठवली जाते. चवडीभोवतीच्या द्रवात ही शक्ती खर्ची घालून पान कर्बवायूपासून साखर बनवते. या साखरेच्या वाटेचा माग मेल्विन कॅल्व्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत किरणोत्सारी कार्बन वापरून काढला. त्याबद्दल कॅल्व्हिन यांना १९६१ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

इथवर वाचले आणि माझ्यातला हिशेबनीस जागा झाला. शाळेच्या पुस्तकातले समीकरण असे: कर्बवायूचे ६ रेणू आणि पाण्याचे ६ रेणू मिळून साखरेचा १ रेणू आणि प्राणवायूचे ६ रेणू. ऑक्सिजनचे अणू जमेला १८ आणि खर्चालाही १८. ताळेबंद जुळला! पण १९४१ साली अमेरिकेत रूबेन, केमेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाण्यात जड ऑक्सिजन घालून पाहिले, तेव्हा बाहेर पडणारा प्राणवायू पाण्यातूनच येतो असे आढळले. आता पाहा. प्राणवायूच्या ६ रेणूंत ऑक्सिजनचे १२ अणू असतात. पाण्याच्या ६ रेणूंत असतात फक्त ६. मग उरलेले ६ आले कुठून? मी दोनदा बेरीज केली. खुलासा असा, की प्रत्यक्षात पाण्याचे १२ रेणू लागतात आणि ६ नवे तयार होऊन परत मिळतात. पुस्तकात वजावट करून निव्वळ आकडा छापला आहे, दोन्ही बाजूंच्या नोंदी नाहीत. आमच्या ऑफिसात असे चालले नसते.

रात्री प्रकाश नसल्यामुळे हे काम थांबते. झाड श्वास घेतेच, दिवसाही आणि रात्रीही, आणि कर्बवायू सोडते. उघड्यावर तो वाऱ्याने पांगून जातो. तेव्हा रात्री झाडाखाली झोपलेला माणूस गुदमरतो ही भीती सोडावी, आणि झाडावरच्या भुताचीही.

हे सारे वर्गात सांगितले. मुलगी घरून उकळलेला माठ डब्यात घेऊन आली होती. हिरवट पाने सगळ्यांना दाखवून झाली आणि तिने पुढचा प्रश्न टाकला, "पण सर, हिरव्यावर लाल पडदा असला तर उजेड कमी पडत नाही का?" पडतो. काही प्रकाश लाल रंग अडवतोच. भर उन्हात मात्र पानाला झेपेल त्यापेक्षा जास्त प्रकाश मिळतो, तेव्हा असा पडदा उपयोगी पडू शकतो. तिने ते वहीत लिहून घेतले. माठाच्या लाल पाण्याचे काय केले असे मी विचारले, तर म्हणाली, "आईने आमटीत घातले. म्हणाली, प्रयोग झाला ना तुझा?"