थांबलेल्या मोटारसायकलीचा ताप

अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात हर्नडन नावाचे एक लहानसे शहर आहे. वस्ती सुमारे पंचवीस हजारांची; पण डलस विमानतळ शेजारीच आहे, भोवताली संगणक-व्यवसायाच्या कचेऱ्या आहेत, आणि त्या निमित्ताने अनेक भारतीय कुटुंबे, त्यांत मराठीही, या परिसरात स्थायिक झाली आहेत. सकाळी राजधानी वॉशिंग्टनकडे व संध्याकाळी घराकडे जाणाऱ्या मोटारींची तेथे लांबच लांब रांग लागते. २०२२ च्या नोव्हेंबरात मेट्रो हर्नडनपर्यंत पोहोचली, तरी ही रांग संपलेली नाही. जुलै-ऑगस्टच्या उन्हात या रांगेत अडकलेल्या मोटारसायकलस्वाराला दुहेरी ताप सोसावा लागतो : वरून सूर्याचा आणि खालून इंजिनाचा. या प्रश्नाची निम्मी उकल गॅरेजात आहे आणि निम्मी रस्त्याच्या नियमांत, हे तेथील अनुभवावरून दिसते. पोर्ट लुईच्या रहदारीत रोज अडकणाऱ्या आपल्या वाचकांनीही त्याचा विचार करावा असा आहे.

प्रथम इंजिनाची गोष्ट पाहू. पेट्रोल जळून जी उष्णता निर्माण होते, तिच्यापैकी सुमारे चौथा ते तिसरा हिस्साच चाक फिरविण्याच्या कामी येतो. बाकीची उष्णता धुराबरोबर आणि इंजिनाच्या अंगातून बाहेर पडावी लागते. साध्या मोटारसायकलीच्या सिलिंडरवर धातूच्या पातळ पात्या असतात. गाडी धावू लागली की त्यांच्यामधून वारा जातो व उष्णता वाहून नेतो. गाडी थांबली की वारा थांबतो, इंजिन मात्र चालूच राहते. त्यात चालक अर्धवट क्लच दाबून इंचाइंचाने पुढे सरकत असेल तर क्लचच्या घर्षणाची भर पडते. वंगणाचे तेल पातळ होते, गिअर नीट पडेनासे होतात, आणि दुर्लक्ष झाले तर दट्ट्या सिलिंडरमध्ये अडकण्यापर्यंत मजल जाते.

कारखानदारांनी यावर उपाय शोधले नाहीत असे नाही. हार्ले-डेव्हिडसनच्या गाडीत दोन सिलिंडर एकामागे एक असतात. मागच्याला वारा कमी मिळतो आणि स्वाराच्या मांडीला चटका बसतो तो त्याचाच. म्हणून गाडी उभी असताना इंजिन फार तापले तर मागच्या सिलिंडरचे पेट्रोल आपोआप बंद होईल, अशी योजना कंपनीने केली. पुढे २०१४ सालच्या काही मोठ्या गाड्यांत सिलिंडरच्या माथ्याला पाण्याने थंड करण्याची सोयही आली.

आपल्या पुण्याचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. १९७२ साली बाजारात आलेल्या बजाजच्या चेतक स्कूटरचे इंजिन बाजूच्या झाकणाखाली असे. तेथे वारा पोहोचणार नाही म्हणून इंजिनाबरोबरच फिरणारा पंखा बसविलेला होता. त्यामुळे स्कूटर चौकात उभी असली तरी इंजिनाला हवा मिळत राही. नंतर मोटारसायकलीने स्कूटरला मागे टाकले, आणि तो पंखाही मागे पडला. २०१२ मध्ये बजाजने पाण्याने थंड होणारी पल्सर आणली. तिच्यात रेडिएटर असतो आणि पाणी ठरावीक मर्यादेपलीकडे तापले की विजेचा पंखा सुरू होतो. परंतु अशा गाडीची किंमत अधिक. रोज कामाला जाणारा सामान्य माणूस अजूनही बहुधा पात्यांच्या इंजिनावरच बसतो.

म्हणूनच दुसरा, नियमांचा उपाय महत्त्वाचा ठरतो. अमेरिकेत एकाहून अधिक माणसे बसलेल्या मोटारींसाठी महामार्गावर स्वतंत्र मार्गिका राखून ठेवतात. १९८२ च्या केंद्रीय कायद्याने एकट्या मोटारसायकलस्वारालाही या मार्गिकेत प्रवेश दिला. थांबत-सरकत चालणाऱ्या रहदारीत दुचाकी अडकून पडण्यापेक्षा ती चालती राहणे अधिक सुरक्षित, असे कारण त्यामागे होते. जे स्वाराच्या जिवाला हितकर तेच इंजिनालाही. हर्नडनच्या स्वाराला त्याचा लाभ प्रत्यक्ष मिळतो. वॉशिंग्टनकडे जाणाऱ्या ६६ क्रमांकाच्या महामार्गाच्या शेवटच्या टप्प्यात २०१७ च्या डिसेंबरपासून गर्दीच्या वेळी टोल आहे. २०२२ च्या डिसेंबरपासून मोटारीत किमान तीन माणसे असली तरच तो माफ होतो. मोटारसायकलीला मात्र तो मुळीच नाही.

शहरातल्या चौकांतही थोडी सवलत आहे. सिग्नलखालच्या यंत्राला हलकी दुचाकी पुष्कळदा जाणवत नाही आणि दिवा हिरवा होतच नाही. यासाठी व्हर्जिनियाने २०११ साली नियम केला, की दुचाकीस्वाराने दोन मिनिटे किंवा सिग्नलची दोन आवर्तने, यांपैकी जे कमी असेल तितके थांबून, दुसऱ्यांना वाट देऊन, काळजीपूर्वक लाल दिवा ओलांडण्यास हरकत नाही. मात्र उभ्या मोटारींच्या दोन रांगांमधून पुढे जाण्यास व्हर्जिनियात मनाई आहे. कॅलिफोर्नियाने अशा जाण्याला २०१७ पासून कायदेशीर मान्यता दिली; युटाने २०१९ मध्ये, ॲरिझोनाने २०२२ मध्ये आणि कोलोरॅडोने २०२४ मध्ये उभ्या गाड्यांपुरती व मंद वेगाने ती मुभा दिली. बर्कलीच्या विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ साली अपघातांचा अभ्यास करून दाखविले होते, की रहदारी मंद असेल आणि दुचाकीचा वेग तिच्याहून फार अधिक नसेल, तर यात विशेष धोका वाढत नाही. वेगाचे बंधन सुटले की मात्र धोका वाढतो.

महाराष्ट्रात याच्या नेमके उलट चित्र आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, २००९ चा वांद्रे-वरळी सागरी सेतू, २०१३ चा पूर्व मुक्त मार्ग, २०२४ चा अटल सेतू हे मोकळे रस्ते दुचाकींना बंद आहेत. वेगवान मोटारींमध्ये हलकी दुचाकी सुरक्षित नाही, हे कारण खोटे नाही. पण त्याचा परिणाम असा, की मोकळा रस्ता मोटारवाल्याला मिळतो आणि जुन्या, अडलेल्या रस्त्यावरचा धूर व ताप दुचाकीवाल्याच्या वाट्याला राहतो. सरकार मनाई करते तेव्हा दुसरी वाट देण्याची जबाबदारीही त्याच्यावर येते.

आपल्या मॉरिशसमध्ये २०२० पासून मेट्रो धावू लागली, तरी सकाळी पोर्ट लुईकडे येणारी रांग ओसरलेली नाही, आणि तिच्यात मोटारसायकलींची संख्या लहान नाही. तिकडचा जुलै म्हणजे आपला जानेवारी. ऐन उन्हाळ्यात रस्त्यांचा आराखडा करताना दुचाकीला चालती ठेवण्याची सोय करावी, अशी मागणी आपण केली पाहिजे. तोवर स्वारांनी आपल्या हातचे उपाय करावेत. लांब थांबा असेल तर इंजिन बंद करावे. अर्धा क्लच धरून सरकत राहण्याऐवजी पुढे अंतर पडू द्यावे आणि मग एकदम जावे. तेल वेळेवर बदलावे, पात्यांतला चिखल काढावा. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नये, धातूला तडा जाऊ शकतो. रेडिएटरचे टोपण गरम असताना उघडू नये. आतले पाणी दाबाखाली असते व उसळून हात भाजतो.

दुचाकी हे गरिबाचे आणि तरुणाचे वाहन. ती रस्त्यावर मोटारीहून कितीतरी कमी जागा घेते, आणि तरी मोटारींनी अडविलेल्या रस्त्याचा सर्वांत अधिक ताप तिच्यावर बसणाऱ्यालाच सोसावा लागतो. हा अन्याय दूर करणे गॅरेजवाल्याच्या हातात नाही. ते काम रस्ते आखणाऱ्यांचे आहे.