‘मोठा येणार का?’ हे विचारण्याआधी माळवदाकडे बघा

२०२१ पासून आपल्या पट्ट्यात जमीन किती वेळा हलली, याची नुसती उजळणी केली तरी पुरे. सप्टेंबर २०२१ मध्ये विजयपूर जिल्ह्यातला हादरा सांगली-सोलापूरपर्यंत जाणवला. लगेच ऑक्टोबरात कलबुर्गी जिल्ह्यातल्या चिंचोली तालुक्यात गडीकेश्वर आणि आसपासच्या गावांत हादऱ्यांची रांगच लागली. लोक घरं सोडून उघड्यावर झोपू लागले. २०२२ च्या सप्टेंबरात निलंगा तालुक्यातल्या हासोरीत भुईतून आवाज येऊ लागले. २१ मार्च २०२४ ला सकाळी हिंगोली-नांदेड-परभणीकडे दहा-बारा मिनिटांच्या अंतरानं दोन धक्के बसले, त्यातला पहिला ४.५ चा. जुलैत पुन्हा तेवढाच. आणि ४ डिसेंबर २०२४ ला तेलंगणातल्या मुलुगूचा ५.३ चा धक्का हैदराबादपासून गडचिरोली-चंद्रपूरपर्यंत कळला.

दर वेळी पुढचं ठरलेलं असतं. व्हॉट्सॲपवर ‘आज रात्री मोठा येणार’, मग तहसीलदारांचं ‘घाबरू नका’, मग तज्ज्ञांचं पथक, मग आठ दिवसांनी सगळं शांत. या सगळ्या गडबडीत एक प्रश्न कुणी विचारत नाही. आपण ज्या छताखाली झोपतो त्याचं वजन किती?

आधी त्या ‘मोठा येणार का’ला उत्तर देऊन टाकू. कुणालाही सांगता येत नाही. किल्लारीत ३० सप्टेंबर १९९३ च्या आधी, म्हणजे १९९२ च्या पावसाळ्यानंतर, लहान हादऱ्यांची मालिका झाली होती. लोक धास्तावले होते, गाव हलवा म्हणत होते. म्हणून आपल्याकडे मालिका सुरू झाली की जुन्या माणसांच्या पोटात गोळा येतो, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. पण पालघरमध्ये डहाणू-तलासरीकडे २०१८ च्या अखेरीस अशीच मालिका सुरू झाली, कित्येक महिने चालली, आणि तिच्यामागून किल्लारीसारखा मोठा धक्का आला नाही. मालिकेनंतर मोठा धक्का येतोही, येत नाहीही. दोन्ही बाजूंनी छातीठोक बोलणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

एक समजूत मात्र आकड्यांनीच मोडते. ‘लहान लहान बसलेले बरे, आतला दाब निघून जातो.’ मी कॉमर्सचा माणूस, त्यामुळे हिशेब करून बघतो. रिश्टरमध्ये एक अंक वाढला की ऊर्जा साधारण बत्तीसपट होते. गडीकेश्वरचा सर्वात मोठा धक्का ४ च्या आसपासचा होता, किल्लारीचा ६.२ च्या आसपास. म्हणजे किल्लारीएवढी ऊर्जा बाहेर पडायला ४ चे सुमारे दोन हजार धक्के लागतील. चिल्लर भरून कर्ज फिटत नाही, तसलाच प्रकार.

आवाजाचंही थोडं. आपल्याकडे काळ्या पाषाणाचा जाड थर आहे. किल्लारीत भूकंपानंतर विंधण घेतलं तेव्हा ३३८ मीटर बेसॉल्ट लागला, त्याखाली ग्रॅनाइट. अशा कठीण खडकात अगदी उथळ, बारीक हादरा बसला तरी त्याचा ‘गुडूम’ असा आवाज वर ऐकू येतो. पावसाळ्यानंतर भेगांतून पाणी खाली मुरतं, आतला दाब बदलतो आणि असे बारीक हादरे वाढतात, असं हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ सांगत आले आहेत. सप्टेंबर-ऑक्टोबरातच या बातम्या का जास्त येतात, याचं उत्तर बरंचसं त्यात आहे.

आता छताकडे वळू. किल्लारीत आणि भोवतालच्या गावांत सुमारे दहा हजार माणसं गेली. गणेश विसर्जन उरकून लोक झोपले होते, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं झाली होती. २००१ चा भूजचा भूकंप ऊर्जेच्या हिशेबानं याच्या शंभरपटीहून मोठा, पण तिथली मृतांची संख्या किल्लारीच्या दीडपटही नाही. वेळ आणि वस्तीचा फरक धरला तरी किल्लारीत माणसं जमिनीनं कमी आणि घरांनी जास्त मारली, हे उरतंच.

ते घर कसं होतं हे बीदर, भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद इकडच्या माणसाला सांगायची गरज नाही. तो तशाच घरात वाढलेला आहे. दोन-अडीच फुटांची, कुठे त्याहून रुंद दगडी भिंत. बाहेरून एक थर, आतून एक थर, मध्ये चिपा आणि चिखलाचा भराव. दोन थरांना बांधून धरणारा आरपार दगड क्वचित. वर लाकडी तुळया, फळ्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचं माळवद. पावसाळ्याच्या तोंडावर गळती थांबवायला दर साल नवी माती टाकायची, जुनी मात्र कुणी काढत नाही. आजोबांनी टाकलेली माती नातवाच्या डोक्यावर असते.

दहा बाय बाराची खोली घ्या. वर दीड फूट माती म्हणजे १८० घनफूट. घनफुटाला ४५ किलोच्या आसपास धरलं तर आठ टन होतात. एका खोलीवर एक भरलेला ट्रक उभा आहे, आणि त्याचा भार आतून पोकळ झालेल्या भिंतीवर आहे. जमीन आडवी हलली की भिंतीचा बाहेरचा थर फुगून सुटतो, आतला खोलीत येतो आणि मागोमाग तो ट्रक. ज्या घरांत माळवदाचा भार लाकडी खांबांवर, म्हणजे खणांवर होता, तिथे बऱ्याच ठिकाणी भिंती पडल्या तरी खण उभे राहिले आणि खालची माणसं वाचली. जुनं ते सगळंच वाईट नव्हतं. खांब वगळून तुळई थेट भिंतीत खुपसायची काटकसर महागात पडली.

आता सीमेची गोष्ट, कारण ती आपल्याशिवाय कुणी बोलणार नाही. निलंगा, उदगीर, अहमदपूर हे तालुके १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यातच होते. गवंडी एक, दगड एक, माळवद एक. राज्यं वेगळी झाली, घर बांधायची रीत तीच राहिली. किल्लारीनंतर बावन्न गावं नव्या जागी वसवली गेली, जागतिक बँकेच्या कर्जातून तेरा जिल्ह्यांत दोन लाखांच्या आसपास घरांच्या दुरुस्ती-मजबुतीचा कार्यक्रम झाला. तो महाराष्ट्र सरकारचा कार्यक्रम, त्यामुळे जिल्हे महाराष्ट्राचे. त्यात दोष काढण्यासारखं काही नाही. पण त्यात गवंड्यांना जे शिकवलं गेलं, आरपार दगड, कोपऱ्यांची बांधणी, भिंतीवरून फिरवायचा काँक्रीटचा पट्टा, ते उमरग्याच्या पुढे चाळीसएक किलोमीटरवर पोचवायला कोणाच्या कर्जाची गरज नव्हती.

नकाशाचंही तसंच. १९९३ मध्ये किल्लारी देशाच्या सर्वात कमी धोक्याच्या, पहिल्या झोनमध्ये होती. २००२ च्या मानकात पहिला झोन रद्द झाला. त्यात सोलापूर, धाराशिव, विजयपूर, बेळगाव, गोवा तिसऱ्यात आणि कलबुर्गी, हैदराबाद दुसऱ्यात. कलबुर्गीचा वाचक ‘आपण दुसऱ्यात, म्हणजे निवांत’ म्हणत असेल तर त्यानं एवढं लक्षात ठेवावं की किल्लारी पहिल्यात होती.

मग सरकार काय देतं? राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२-२६ च्या निकषांप्रमाणे सपाट प्रदेशात पूर्ण पडलेल्या घराला १ लाख २० हजार. अंशतः नुकसान असेल तर किमान १५ टक्के पडझड दिसली पाहिजे, आणि मग पक्क्या घराला ६,५०० रुपये, कच्च्याला ४,०००. म्हणजे हादऱ्यांच्या मालिकेत भिंतीला बोटभर तडा गेला, रात्री झोप लागत नाही, अशा माणसाच्या हाती बहुधा शून्य. भिंत पडली तर पैसे, पडू नये म्हणून काही नाही. घरांना आता भूकंपासह विमा मिळतो, ‘भारत गृह रक्षा’ ही ठरावीक पॉलिसी एप्रिल २०२१ पासून सगळ्या साधारण विमा कंपन्यांना द्यावी लागते. आपल्या गावांत ती किती जणांनी विचारली असेल हा भाग वेगळा.

माळवद काढा म्हणणं सोपं आहे, हेही कबूल करायला हवं. एप्रिल-मे मध्ये पत्र्याखाली बसून दाखवावं आणि मग माळवदाखाली. गारवा हाच त्याचा खरा धनी. पण माती निम्मी करता येते. पावसाळ्यापूर्वी नवी टाकायच्या आधी जुनी खरवडून काढली, वर प्लास्टिकचा कागद घालून पातळ थर दिला, तरी त्या आठ टनांतले तीन-चार टन उतरतात. तुळईखाली लाकडी खांब द्यायला फार खर्च नाही. आणि फुगलेल्या भिंतीच्या कडेला खाट टाकू नये, याला तर पैसाच लागत नाही.

नवी घरं सुरक्षित, असंही समजू नका. तालुक्याच्या गावी रस्त्यावर जे उभं राहतंय ते बघा. खाली तीन गाळे, समोर सगळी शटरं, भिंत नावाला नाही, वर दोन मजले भरगच्च. २००१ मध्ये अहमदाबादेत खाली पार्किंगसाठी मोकळं ठेवलेल्या इमारती अशाच गुडघ्यात मोडल्या. कॉलमची सळई जाड आहे का हे मालक बघतो, पण रिंगा किती अंतरावर आहेत आणि त्यांची टोकं आत वळवलीत का, हे बघत नाही. कॉलमच्या वरच्या-खालच्या टोकाला रिंगा चार इंचांवर हव्यात. सेंट्रिंग लागण्याआधी टेप घेऊन पाच मिनिटं उभं राहायचं काम आहे.

विटांच्या साध्या घराला पट्ट्याचा खर्च किती? दहा बाय बाराची खोली म्हणजे ४४ फूट भिंत. दरवाजा-खिडकीच्या डोक्यावरून, न तुटता, चारी बाजूंनी नऊ इंच रुंद, तीन इंच जाड पट्टा. दोन पोती सिमेंट, वीस-बावीस किलो सळई, वाळू-खडी आणि दीड-दोन दिवसांची मजुरी. भाव ज्यानं त्यानं आपल्या गावचा लावावा. आपल्याकडे मात्र लिंटल फक्त दरवाजावर टाकतात, आणि पुढे भिंत मोकळीच.

इथे पंचायतींना पकडता येईल. पंतप्रधान आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाची मूळ मदतही सपाट भागात १ लाख २० हजारच आहे. बांधकामाच्या टप्प्याटप्प्यावर ठिकाणाची नोंद होणारा फोटो काढून अपलोड केल्याशिवाय हप्ता सुटत नाही. जोतं, लिंटल, छत, प्रत्येकाचा फोटो. तपासणीची यंत्रणा आहेच, तीही दोन्ही राज्यांत एकसारखी. त्या लिंटलच्या फोटोत पट्टा चारी भिंतींवरून फिरलेला दिसतो का, एवढंच बघायचं आहे. पुढच्या ग्रामसभेत, मग ती मराठीत भरो की कन्नडमध्ये, घरकुलाची यादी वाचून झाली की हा प्रश्न ग्रामसेवकाला किंवा पीडीओला विचारा, आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.