यशाचा हिशेब केव्हा मांडावा?

माझ्या चुलत्यांवर १९७४ साली जठरव्रणाची, म्हणजे अल्सरची, शस्त्रक्रिया झाली. पंधरवड्यात ते घरी आले, वेदना थांबल्या आणि रुग्णालयाच्या दप्तरी एक यश जमा झाले. पुढे जेवण होताच त्यांना दरदरून घाम सुटे, छाती धडधडे. वजन कधी भरलेच नाही. पंधरा वर्षांनी हातापायांना मुंग्या येऊ लागल्या, तेव्हा ब-१२ जीवनसत्त्वाचा अभाव उघडकीस आला. ही किंमत मात्र कोणत्याही दप्तरात नोंदली गेली नाही.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला याचे नवल वाटू नये. लाभ तात्काळ व दृश्य, आणि किंमत लांबणीवर पडलेली असली की हिशेब हटकून चुकतो.

या शस्त्रक्रियेमागे तर्क होता. आम्ल घटले की व्रण भरतो, म्हणून जठराचा मोठा भाग कापून काढीत. १९४३ साली शिकागोत लेस्टर ड्रॅगस्टेट यांनी व्हेगस मज्जातंतू छेदून तोच हेतू साधला. असंख्य रोगी वेदनामुक्त झाले, हे नाकारता येणार नाही. परंतु जठर कापल्यावर अन्न घाईने आतड्यात उतरते, लोह व ब-१२ यांचे शोषण घटते, हाडे ठिसूळ होतात आणि वीसेक वर्षांनंतर उरलेल्या जठरात कर्करोगाचा धोका वाढतो.

१९७६ साली सिमेटिडीन हे औषध आले. १९८२ साली पर्थ येथे बॅरी मार्शल व रॉबिन वॉरेन यांना व्रणामागील जीवाणू प्रयोगशाळेत वाढविण्यात यश आले. पुढे प्रतिजैविकांच्या एक-दोन आठवड्यांच्या उपचाराने बहुतेक व्रण कायमचे बरे होऊ लागले. या शोधाला २००५ साली नोबेल पारितोषिक लाभले.

म्हणून जुन्या शल्यविशारदांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे अन्यायाचे ठरेल. जे ज्ञान नव्हते, त्याचा जाब कोणी कोणाला विचारावा? व्रण फुटला तर आजही बहुधा शस्त्रक्रियाच जीव वाचवते. दोष आहे तो पाठ फिरविण्याचा. यॉर्कच्या व्हिसिक यांनी १९४८ सालीच शस्त्रक्रियेनंतरच्या रोग्यांचा पाठपुरावा करून परिणामांची प्रतवारी ठरविली होती. तेव्हा हे अशक्य होते, असे म्हणता येत नाही.

तशी शस्त्रक्रिया झालेले अनेक वृद्ध आज आपल्या घरांत आहेत. त्यांचे रक्त, लोह व ब-१२ तपासून घेणे अवघड नाही. आणि यापुढे घरी जाणाऱ्या प्रत्येक रोग्याच्या कागदावर पुढील वीस वर्षांत काय तपासावे, हे लिहून द्यावयास हवे. यश मोजायचे ते रोगी घरी गेला त्या दिवशी नव्हे, तो पुढे कसा जगला यावरून.