निळी चिप आणि खोटा जुनेपणा

'ब्लू चिप कंपनी' हे शब्द कॅम्पस इंटरव्ह्यूच्या दिवसांत आपण शंभरदा ऐकतो. पण ते आले कुठून, माहीत आहे? पोकरच्या टेबलावरून! अमेरिकेत पांढऱ्या, लाल आणि निळ्या चिप्स घेऊन खेळत. त्यात निळी सगळ्यात महाग. १९२० च्या दशकात शेअर बाजारवाल्यांनी ते नाव उचललं.

मित्रांनो, मी जुगाराचा प्रचार करत नाहीये. (आईने मासिक वाचलं तर उगाच टेन्शन नको!) मला बोलायचंय ते डिझाईनबद्दल. बाजारात 'व्हिंटेज' म्हणून पोकर चिप्सचे सेट मिळतात. मळकट रंग, कडेला फाशांचं चित्र, मधोमध पिस्तूल आणि ठळक आकड्यात '१०० डॉलर'. खोक्यावर लिहिलेलं 'ओल्ड वेस्ट'. माझ्या मते हा इतिहास नाही, गॅदरिंगचा फॅन्सी ड्रेस आहे.

समजा, १८९० च्या सुमाराचा सेट बनवायचा आहे. पहिली गोष्ट म्हणजे आकडा काढून टाका. घरगुती खेळातल्या चिप्सवर त्या काळी बहुधा किंमत नसायची. लाल म्हणजे किती, निळी म्हणजे किती, हे खेळायला बसताना ठरायचं. आपण पत्ते खेळताना चिंचोक्याचं ठरवतो ना, तसंच.

दुसरी गोष्ट मटेरियल. १८८० च्या दशकापासून माती आणि शेलॅक यांचं मिश्रण साच्यात दाबून चिप्स बनू लागल्या. शेलॅक म्हणजे आपली लाख! तापवली की मऊ, गार झाली की कडक. साध्या चिप्स कुणीही खिशातून आणून टेबलावर सरकवू शकायचा, म्हणून त्यांच्यावर नक्षी आली. म्हणजे नक्षी ही नुसती शोभा नव्हती, ते कुलूप होतं. आज 'क्ले' म्हणून विकली जाणारी ११.५ ग्रॅमची चिप बहुतेक वेळा प्लॅस्टिकची असते आणि आत लोखंडी चकती असते. वजन हातात भरावं म्हणून! जुन्या चिपला असल्या पोटातल्या चकतीची गरजच नव्हती.

आता कोणी म्हणेल, इतका कीस कशाला काढायचा? खेळणंच तर आहे! पण आपण इंजिनिअर होणार आहोत. प्रत्येक वस्तूचा आकार, वजन, रंग हे कुठल्यातरी अडचणीचं उत्तर असतं. ती अडचण समजून न घेता नुसतं उत्तर उतरवलं, तर ती असाइनमेंटची कॉपी झाली. सबमिशनला खपेल, व्हायव्हात पकडले जाऊ.

मात्र हुबेहूबपणालाही मर्यादा हवी. क्लेच्या आधी, आणि नंतरही काही काळ, श्रीमंतांच्या टेबलावर हस्तिदंती चिप्स असत, हाताने कोरलेल्या. अतिशय सुंदर! म्हणून आज हस्तिदंत वापरायचा का? मुळीच नाही. आफ्रिकन हत्तींच्या दातांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९८९ साली बंदीचा निर्णय झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. इथे हाड किंवा रेझिन वापरा, पण तसं स्पष्ट सांगा. माझं तर म्हणणं आहे की प्रत्येक नकली चिपच्या मागे बारीक अक्षरांत बनवल्याचं साल कोरलेलं असावं. नाहीतर आज हौसेने केलेली उत्तम नक्कल उद्या कुणाच्या तरी गळ्यात 'अस्सल' म्हणून मारली जाईल. नक्कल जितकी चांगली, तितकी ही जबाबदारी मोठी.

थोडक्यात फंडा असा : जिथे जमेल तिथे खरं करा, जिथे जमत नाही किंवा करू नये तिथे खरं सांगा. चहाच्या पाण्यात बुडवून कागद पिवळा होतो, जुना होत नाही. पुढच्या वेळी टेक-फेस्टसाठी काही 'अँटिक' बनवायला घ्याल, तेव्हा कॅडचं सॉफ्टवेअर उघडायच्या आधी एकदा लायब्ररी उघडा. तिथे गर्दी नसते, हे मी खात्रीने सांगते!