भरपाईचे दावे वाढलेच पाहिजेत

कारखान्यांतील अपघातांचे आकडे उतरत आहेत, सबब आपल्या यंत्रशाळा पूर्वीपेक्षा निर्धोक झाल्या आहेत, असे प्रतिपादन उद्योजकांच्या सभांतून वारंवार केले जाते. आणि त्याच व्यासपीठावरून, कामगार पैशाच्या लोभाने दावे फुगवितात, असा आक्षेपही घेतला जातो. ही दोन्ही मते मला सर्वस्वी अग्राह्य वाटतात.

सरकारी दप्तरातलाच पुरावा घ्यावा. २०१७ ते २०२० या काळात आपल्या देशातील नोंदणीकृत कारखान्यांत दररोज सरासरी तीन कामगार मृत्युमुखी पडले व अकरा जखमी झाले. म्हणजे एका मृत्यूमागे चार जखमीसुद्धा नाहीत! ब्रिटनमध्ये २०२२-२३ साली, सर्व व्यवसाय मिळून, १३५ माणसे कामावर दगावली आणि मालकांनी स्वतः कळविलेले जखमी मात्र साठ हजारांवर होते. मृत्यू दडविणे अवघड, तुटलेले बोट दडविणे सोपे, एवढे ध्यानात घेतले की आपल्या आकड्यांतली विसंगती उलगडते.

हे दडविणे कसे घडते ते पाहा. पत्र्याला ठोक्याने आकार देणाऱ्या पॉवर प्रेसवर दोन्ही हातांनी दोन बटणे दाबल्याखेरीज ठोका पडू नये, अशी योजना असते. परंतु मालाचा तगादा लागला की एक बटण पाचर मारून दाबून ठेवतात, डायमध्ये पत्रा सारणारा हात मोकळा राहतो, आणि ठोक्याखाली तोच सापडतो. मग ठेकेदाराचा मुकादम त्या जखमी पोराला परस्पर खाजगी दवाखान्यात नेतो, जखम घरी झाल्याचे लिहवून घेतो, पंधरवड्याची हजेरी भरून देतो, आणि अपघाताच्या नोंदवहीचे पान कोरे राहते.

राहिला लोभाचा आरोप. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्यापासून चालत आलेल्या परिशिष्टात अंगठा गेल्यास कमाईची शक्ती ३० टक्के, तर्जनी गेल्यास १४ टक्के घटली असे धरतात. पंधरा हजारांची वेतनमर्यादा लावून पंचविशीतल्या तरुणाच्या तर्जनीचे सुमारे पावणेतीन लाख रुपये होतात. तेवढ्यासाठी कोणी जन्माचे बोट यंत्राखाली देईल, असे मानणाऱ्याने कामगाराला माणूस म्हणून कधी पाहिलेलेच नाही. शिवाय नुसत्या हयगयीने हा हक्क बुडत नाही. सुरक्षेचा हुकूम कामगाराने जाणूनबुजून मोडला, हे शाबीत करावे लागते, आणि मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले असता तोही बचाव चालत नाही.

म्हणून माझे म्हणणे असे की, पुढील काही वर्षे दाव्यांची वाढ हेच सुधारणेचे लक्षण समजावे. भरपाईचे देणे अपघाताच्या क्षणीच उत्पन्न होते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली, हात गमावलेल्या एका सुताराच्या खटल्यात, निःसंदिग्धपणे सांगितले आहे. तेव्हा नोंदही त्याच दिवशी झाली पाहिजे. चिरडलेल्या हाताची इत्तला दवाखान्याने थेट कारखाना निरीक्षकाकडे धाडावी; कामगार विम्याचे कार्ड बोट तुटल्यावर धावपळीत न काढता कामावर रुजू होतानाच हाती द्यावे; आणि ठेकेदाराच्या माणसाची जखम मूळ मालकाच्या नावे चढावी, कारण भरपाईची जबाबदारी कायद्याने त्याच्यावरही ठेवलेली आहे.