द्रवमिश्रित चूर्णाची मात्रा : ओतलेले माप की भरलेले माप?

औषधयोजना अचूक असूनही मात्रा चुकली तर चिकित्सा फसते, हे आपणां सर्वांस ज्ञात आहे. तरीही चूर्ण द्रवात मिसळून देताना होणाऱ्या एका साध्या चुकीकडे चिकित्सक व औषधनिर्माते या दोघांचेही दुर्लक्ष होते, असे आम्हांस वाटते.

समजा, २५ ग्रॅम चूर्णात १०० मिलिलिटर द्रव घातला. ५ मिलिलिटरच्या चमच्यात सव्वा ग्रॅम चूर्ण येईल, असा हिशेब सर्रास केला जातो. परंतु चूर्णही जागा व्यापते. मिश्रण ११५ मिलिलिटर भरले, तर चमच्यात १.०९ ग्रॅमच येते. म्हणजे सुमारे १३ टक्के तूट. म्हणून चूर्ण आधी थोड्या द्रवात खलून मोजपात्रात घ्यावे आणि मग १०० मिलिलिटरच्या खुणेपर्यंत द्रव भरावा. अविद्राव्य चूर्ण तळाशी बसते, तेव्हा ‘हलवून घ्यावे’ ही सूचनाही हवीच.

मधाच्या बाबतीत घोटाळा अधिक होतो. १०० मिलिलिटर मधाचे वजन सुमारे १४० ग्रॅम असते. ‘दहा भाग मधास एक भाग चूर्ण’ एवढेच लिहिल्यास एक जण १० ग्रॅम चूर्ण घालील, दुसरा १४. भाग वजनाचा की मापाचा, हे लिहिलेच पाहिजे.

फांटाची गोष्ट निराळी. शार्ङ्गधरांनी एक पल द्रव्यास चार पल उष्ण जल सांगितले. पण चूर्ण गाळून टाकले जाते. तेथे ‘चमच्यात इतके ग्रॅम चूर्ण’ म्हणणे चूक; ‘इतक्या द्रव्यापासून सिद्ध’ असेच म्हणावे.

आपल्या परंपरेत ग्रॅम-मिलिलिटरचा हा काटेकोरपणा कशाला, असा आक्षेप येईल. आमचे उत्तर असे की, द्रवद्वैगुण्याची परिभाषा आचार्यांनीच घातली. तीनुसार द्रवाचा प्रस्थ शुष्क द्रव्याच्या प्रस्थाच्या दुप्पट धरला जातो. शुष्क व द्रव यांच्या मोजणीतील भेद आपल्या शास्त्राला नवा नाही; विसर पडला आहे तो आपल्याला.

सौम्य चूर्णात ही तूट कदाचित खपून जाईल. परंतु कुचला, वत्सनाभ यांसारखी, औषध नियमांच्या अनुसूची ई (१) मध्ये नोंदलेली द्रव्ये ज्या कल्पांत आहेत, तेथे अंदाजास जागा नाही. प्रत्येक औषधशाळेत एक तराजू व एक मोजपात्र असतेच. त्यांच्याशेजारी हिशेबाची एक वहीही असावी, एवढीच आमची विनंती.