धरण किती भरले ते कळते. जमीन किती भरली?

पावसाळ्यात रोज सकाळी मोबाइलवर आकडे येतात. जायकवाडी इतके टक्के, उजनी तितके टक्के. आम्ही ते देतो, तुम्ही वाचता. पण राज्यातील बहुतांश शेती कोरडवाहू आहे आणि तिचा साठा धरणात नसतो, पायाखाली असतो. त्याची बातमी होत नाही.

साधा हिशेब करू. एका एकरावर १ मिमी पाऊस म्हणजे साधारण ४ हजार लिटर पाणी. खोल काळी जमीन पिकाला घेता येईल असे दीडशे मिमी पाणी धरू शकते. म्हणजे एकरी ६ लाख लिटर, १० हजार लिटरचे ६० टँकर! सोलापूर, मराठवाड्याची कोरडवाहू रब्बी ज्वारी याच ओलीवर येते.

माती पाणी धरते कशी?

शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात, त्यात याचे उत्तर आहे. मातीच्या बारीक पोकळ्यांत पाणी आणि मोठ्या पोकळ्यांत हवा, ही ती स्थिती. या पोकळ्या गांडुळे, मुळे आणि बुरशीचे धागे घडवतात. जिवाणूंच्या चिकट स्रावाने कण एकमेकांना धरतात आणि जमीन रवाळ होते. इंजिनीअरिंगला असताना आम्ही माती जितकी दाबलेली तितकी चांगली, असे शिकलो. इमारतीसाठी ते बरोबरच आहे. शेतासाठी नेमके उलटे.

या सजीवांचे अन्न म्हणजे सेंद्रिय कर्ब. तो घटला की पावसाच्या थेंबांनी माती फुटते, वर खपली धरते आणि पाणी माती घेऊन ओढ्याला लागते. मग जोराच्या पावसात तळे झालेले सोयाबीन पुढच्या उघडिपीत त्याच शेतात माना टाकते. २०१५ पासून मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत १२ घटकांमध्ये सेंद्रिय कर्बही असतो. ०.५ टक्क्यांखाली तो कमी समजला जातो. पण पत्रिका वाचली जाते ती युरिया, डीएपीच्या गोण्या ठरवण्यापुरती.

शेततळ्याचे काय?

राज्याचा ८० टक्क्यांहून अधिक भाग बेसाल्ट खडकाचा आहे. त्याच्या भेगांत आणि झिजलेल्या थरात मावेल तेवढेच भूजल. त्यात भर पडते ती मातीतून झिरपणाऱ्या पाण्याची. शेततळे वाहून जाणारा पाऊस अडवण्यासाठी असते. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी प्लॅस्टिक अंथरलेले तळे विहीर-बोअर उपसून भरले जाते. मालकाची बाग जगते, शेजाऱ्याची विहीर खाली जाते आणि उन्हाळ्यात तळ्यातले पाणी वाफ होऊन उडते. जमिनीखालचे सावलीतले पाणी उन्हात आणून ठेवण्यासाठी सार्वजनिक पैसा खर्च व्हावा का, हा प्रश्न अनुदान मंजूर करतानाच विचारायला हवा.

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने तो आपल्यापुरता सोडवला. डोंगरउतारावर चर खोदले, चराई थांबवली, शेतीसाठी बोअर घेण्यास बंदी केली. पाऊस किती झाला ते पाहून गाव दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडते आणि त्यावर पिके ठरवते.

सगळा दोष शेतकऱ्याच्या माथी मारणे मात्र सोपे आणि चुकीचे आहे. जनावरे कमी झाली, शेणखत महागले, मजूर मिळत नाहीत. म्हणून उसाचे पाचट आणि पऱ्हाट्या पेटवल्या जातात. ‘जाळू नका’ हे भित्तिपत्रक पुरणार नाही; शेत मोकळे करायच्या त्याच आठवड्यात कुट्टी यंत्र गावात भाड्याने मिळाले पाहिजे. शेततळ्याचे पैसे पावसाने तळे भरते की पंपाने, हे तपासून द्यावेत. आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर पर्जन्यमानाशेजारी आणखी एक रकाना असावा : गावच्या जमिनीतील सेंद्रिय कर्ब, यंदाचा आणि पाच वर्षांपूर्वीचा.